सर गप हायत

बातमी आली तेव्हा मी नववी 'ब'च्या वर्गात निबंधाच्या वह्या वाटत होतो. बुधवार होता. सकाळी अलकाने पोह्यांत मीठ कमी पडलं म्हणून स्वतःवरच चिडून वरून भरपूर शेव घातली होती. आमच्या घरात स्मार्टफोन एकच. सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे शेअर बाजार चालू असेपर्यंत, तो तिच्याकडे असायचा. मी शाळेत साधा बटणांचा फोन नेत असे. पण त्या दिवशी शाळेत हजेरीचं नवं ॲप सुरू व्हायचं होतं. "आजचा दिवस न्या," ती म्हणाली, "बाजार काही पळून जात नाही."

पावणेअकराला तो फोन माझ्या खिशात एकसारखा थरथरायला लागला. आधी आमच्या शेअरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कडेगावचा किशोर: "सर, अप्पर सर्किट लागलं!!! आजचा भाव चढायचा तेवढा चढला! ठेवायचं का विकायचं?" मग वडूजचे सुभेदार: "सर, ऑर्डर द्या." मग तासगावचे मगदूम अण्णा: "सर?" आणि त्याच मिनिटाला शेजारच्या काकूंचा फोन. "अहो, अलका जिन्यात पडलीय. बोलत नाहीये. लवकर या."

मी घरी पोचेपर्यंत तिला मिरजेला नेलं होतं. मी मिरजेला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल बरंच सांगितलं. त्यातलं मला एवढंच समजलं, की तिला फार त्रास झाला नसावा.

ग्रुपला मी उत्तर दिलं नाही. पण ग्रुपने उत्तर घेतलं! सुभेदारांनी लिहिलं, "सर गप हायत." किशोरने लिहिलं, "सर गप हायत म्हंजे काय ते समजा." आणि साडेअकराच्या आत ग्रुपमधल्या झाडून सगळ्यांनी तो शेअर विकून टाकला. पुढच्या सोमवारी कंपनीच्या ऑडिटरने राजीनामा दिला आणि शेअर कोसळला. इतका, की विकणाऱ्यांची रांग लागली आणि घेणारा एकही नाही.

दहाव्या दिवशी सुभेदार वडूजहून एसटीने आले. दारातच थांबले. म्हणाले, "सर, घरात एवढं झालं, आन तरी तुमी गप ऱ्हाऊन आमाला वाचवलंत."

त्या वेळी मी पी.टी.च्या सरांच्या मोटरसायकलवर मागे बसलेला होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं.

असे किस्से साठत जातात. शेअर निदान विकता येतात, किस्से कुणाला विकणार? मंडळातली माणसं भेटली की एकमेकांना तेच ते पुन्हा सांगतात, आणि दर खेपेला भाव थोडा वाढलेला असतो. मी सांगतो ते वाढवून सांगत नाही. कारण मला त्यांच्यापेक्षा एक गोष्ट जास्त माहीत आहे. 'अप्पर सर्किट मित्र मंडळ' या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सर म्हणजे मी नव्हे. ती अलका होती. हे मी मंडळात कुणालाच सांगितलेलं नाही. तिला ते स्वतः सांगायचं होतं. आता सांगायचं तर मीच.

*

मला त्या ग्रुपमध्ये घातलं अण्णांनी. मगदूम अण्णा तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. त्यांच्या मुलाला मी दहावीला मराठी शिकवलं, तो पास झाला, तेव्हापासून अण्णांचा माझ्यावर फार विश्वास. "ग्रुपात शिकलेला एक तरी मानूस पायजे," म्हणाले. मी म्हणालो, "अहो अण्णा, मी व्याकरण शिकवतो." अण्णा म्हणाले, "चालतंय की!"

अलका बी.कॉम. होती, पहिल्या वर्गात. लग्नाच्या महिन्यातच तिला बँकेच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं, पुण्याचं. तिला पाठवावं असं तिच्या घरी कुणाला वाटलं नाही, आमच्या घरीही नाही. मीही काही बोललो नाही.

पंचवीस वर्षांनी मुलगी नोकरीला पुण्याला गेली, घर रिकामं झालं आणि माझा फोन अलकाच्या हातात आला. त्या दिवशी किशोरने टाकलं होतं: "आतल्या गोटातली पक्की बातमी. सहा महिन्यांत चौपट. कुणाला सांगू नका." आणि त्या पक्क्या, गुप्त बातमीच्या डोक्यावर व्हॉट्सॲपनेच शिक्का मारलेला, 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला'!

अलका मटार सोलत होती. तिने कंपनीचा वार्षिक अहवाल फोनवर उघडला, मटार संपले तरी वाचत राहिली, आणि दुपारी लिहिलं: "मालकांनी आपले निम्मे शेअर गहाण टाकलेत. धंदा इतका जोरात असेल, तर मालकाला कर्ज कशाला लागतं?"

 मग अण्णा: "सर, मानलं तुमाला."

संध्याकाळी मी म्हणालो, "तुझं नाव घाल खाली."

"नको," ती म्हणाली. "सरांचं म्हणून ऐकतायत. वहिनींचं म्हटलं की 'बरोबर हाय वैनी' म्हणतील आणि जाऊन तोच शेअर घेतील!"

*

किशोरचं कडेगावला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. अफवा कुठून निघते, कशी फिरते, याची त्याला एकदा फार उत्सुकता लागली. म्हणून एका सोमवारी त्याने स्वतःच एक तयार केली. साताऱ्याकडची एक गियर बनवणारी कंपनी जपानवाले विकत घेणार, असं गावच्या क्रिकेटच्या ग्रुपवर टाकलं आणि आम्हाला सांगून ठेवलं, "बघू आता, पोरगी कुठपर्यंत जाती!"

गुरुवारी साताऱ्याहून त्याच्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, आतली बातमी हाय. जपानी पाहुणे येऊन गेले. कंपनीनं त्यास्नी कंदी पेढ्याचे बॉक्स दिले, पाच-पाच किलोचे!"

किशोरने फोन ठेवला आणि तो शेअर घेतला.

अलकाने ग्रुपवर विचारलं, "किशोर, ही बातमी तूच सोडली होतीस ना?"

"व्हय सर. पर पेढ्यांचं मी बोललो न्हवतो!" किशोरचं उत्तर आलं. "कायतरी असल्याबिगर कोन कशाला पेढे वाटंल?"

अलका इतकी हसली, की गॅसवरचं दूध उतू गेलं. पुढचे दोन दिवस शेअर खरोखरच वर गेला. मग जो खाली आला तो आलाच. कुणीतरी किशोरला छेडलं, "काय रं गड्या, जपानचं काय झालं?"

"पेढे आवडले नसतील," किशोर म्हणाला.

*

जगदाळे सुभेदार फौजेतून निवृत्त होऊन वडूजला असतात. थोडी जिरायती जमीन, दोन म्हशी आणि शेअर बाजार. त्यांचं म्हणणं एकच: "कागदावर भरोसा न्हाई. जागेवर जाऊन बघायचं."

एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीकडे ऑर्डरी मावत नाहीत, अशी कुजबुज उठली. सुभेदार किशोरला मागे बसवून औद्योगिक वसाहतीत गेले. कंपनीच्या गेटसमोर चहाची टपरी होती. तिथे सकाळी सातला मोर्चा लावला. वहीत नोंद: 'सात दहा, ट्रक एक, भरलेला. सात चाळीस, ट्रक दोन, भरलेले.' पाचपर्यंत एक्केचाळीस ट्रक! किशोरने प्रत्येकाचा फोटो काढला. ग्रुप नुसता उसळला. दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आत कोण किती घेणार, याच्या याद्या लागल्या.

अलकाने विचारलं, "सुभेदार, ट्रकमध्ये काय होतं?"

"माल, सर."

"कसा भरला होता?"

"पोत्यांत."

"व्हॉल्व्ह पोत्यांत भरतात?"

 सुभेदार गेटवर परत जाऊन चौकशी करून आले. म्हणाले, "सर, शेजारी पेंडीचा कारखाना हाय. दोगांचं गेट एकच."

 आपली फजिती झाली हे सुभेदारांना दिसत होतं, पण फौजी माणूस. थोड्या वेळाने त्यांचा शेवटचा मेसेज आला:

"रिपोर्ट चुकीचा न्हवता. ट्रक एक्केचाळीसच होते. म्हशीस्नी दोन पोती घेतलीत. पेंड चांगली हाय."

*

याच सुभेदारांचा आणखी एक, छोटासा.

त्यांचा एक शेअर वर्षभर घसरत होता. सगळे सांगून थकले, विका. सुभेदार म्हणत, "आपल्या खानदानात माघार न्हाई!"

अलकाने लिहिलं, "सुभेदार, फौजेत माघार घेतच नाहीत का?"

"घ्येतात की. पर वरून ऑर्डर आली तरच."

"मग ही घ्या ऑर्डर. उद्या सव्वानऊला माघार."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून सोळा मिनिटांनी: "माघार पूर्ण. सगळे जवान सुखरूप न्हाईत, पर जेवढे हायत तेवढे परत आनले."

*

अण्णांचा किस्सा अलकाला सगळ्यांत आवडायचा.

सुकामेव्याच्या वड्या करणारी एक कंपनी तेव्हा फार गाजत होती. जिकडेतिकडे तिच्या जाहिराती, आणि शेअर रोज वर. मंडळात अर्ध्यांनी घेतला होता, अर्धे पैशांची जुळवाजुळव करत होते. अलका चार दिवस अहवाल घेऊन बसली होती. काहीतरी खटकतंय पण सापडत नाही, असं म्हणत होती. खटकणारं सापडलं नाही की ती ग्रुपवर काही लिहीत नसे. "पुरावा नसताना कुणाच्या धंद्याबद्दल वाईट का बोलायचं?" तिचं हे गप्प राहणं मंडळाला पुरतं पाठ झालेलं होतं.

तेवढ्यात अण्णा कामाला म्हणून आमच्या सांगलीला आले. स्टँडवर त्या कंपनीची एक वडी विकत घेतली. अण्णांनी ती खाल्ली नाही, उकलली. आतला एक बेदाणा बाजूला काढला, बोटांत चोळला, वास घेतला, दातांखाली धरला, आणि हिरव्या टोपीच्या पेनाशेजारी ठेवून त्याचा फोटो ग्रुपवर टाकला.

"सर, ह्यो बेदाना दोन वर्षांमागचा हाय. रंग यावा म्हनून गंधकाची धुरी दुसऱ्यांदा दिलीया. जो मानूस बेदान्यात फसिवतो, त्यो हिशेबात काय सोडंल?"

अलकाने पुन्हा अहवाल उघडला. या वेळी न खपलेल्या मालाचं पान काढलं. दोन वर्षं तो आकडा नुसता फुगत चालला होता. तिने ग्रुपवर लिहिलं, "अण्णा, शंभर टक्के बरोबर." सगळे बाहेर पडले. पुढे त्या कंपनीचं जे व्हायचं ते झालं.

रात्री जेवताना अलका म्हणाली, "मी एकशेसाठ पानं वाचली. अण्णांनी एक दाणा खाल्ला!"

*

बेदाण्याचा हंगाम आटपला, की मे महिन्यात मंडळ अण्णांच्या शेडमध्ये जमतं. जेवण दिवस मावळायच्या आत, कारण अण्णांकडे सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही. सुभेदार दरवर्षी कुरकुरतात, "साडेपाचला कोन जेवतं वो अण्णा?" आणि सगळ्यांत जास्त तेच जेवतात.

एका वर्षी अलकाही आली. 'वैनी' म्हणून. अण्णांच्या घरच्या आक्कांबरोबर ती बेदाणा निवडणाऱ्या बायकांत जाऊन बसली, निवडायला शिकली, अर्ध्या तासात त्यांच्यातलीच झाली. इकडे पुरुष मंडळी माझं कौतुक करत होती. मी घाम पुसत होतो.

अण्णा तिला म्हणाले, "वैनी, नशीब काडलंत तुमी. असला हुशार मानूस लाखात एक."

"हो ना," अलका म्हणाली. "मला तर काहीच कळत नाही बाई." मग माझ्याकडे वळून, अगदी साळसूद चेहऱ्याने: "अहो, ते ऑपरेटिंग कॅश फ्लो म्हणजे काय असतं हो?"

सत्तावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. किशोरने तर रेकॉर्डिंगही चालू केलं.

मी खाकरलो. नववीच्या वर्गात शाळातपासणीला साहेब आल्यावर जसा उभा राहतो तसा उभा राहिलो आणि म्हणालो, "त्याचं असं आहे, की... ते ज्याचं त्याने समजून घ्यायचं असतं."

 मग सुभेदार हळूच किशोरला म्हणाले, "बघ. फुकट शिकवत न्हाईत. आपल्याला इचार करायला लावत्यात."

अलका ताडकन उठून पलीकडे गेली. बेदाण्याच्या क्रेटमागे तोंडाला पदर लावून तिचे खांदे हलताना मला दिसत होते.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "पुढच्या वर्षी मी स्वतः सांगणार. उभी राहून. त्यांची तोंडं बघायचीयत मला."

"चिडले तर?"

"चिडू देत. पण मी लिहिलेलं माझं होतं, हे एकदा कुणाला तरी कळू दे की."

ती हे हसतच म्हणाली. पण बँकेच्या त्या पत्रानंतर इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली हीच काय ती एक गोष्ट. पुढच्या मे महिन्याला चार महिने असताना ती गेली.

*

तिच्यामागे मंडळाने माझ्यासाठी जे केलं, ते मला नीट सांगता येणार नाही. किस्से म्हणूनच सांगतो.

पहिला म्हणजे, ग्रुपवर कुणीही टीप टाकायची नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं. सर बोलेपर्यंत. पन्नास दिवस त्या ग्रुपवर फक्त 'शुभ सकाळ' आणि गुलाबाची फुलं! बाजार तेव्हा नुसता उधाणला होता, आणि शेअरचं वेड लागलेली ही माणसं एकमेकांना फुलं पाठवत बसली होती. शेवटी मलाच राहवेना. मी लिहिलं, "मंडळी, बाजार चालू आहे." सुभेदारांनी लगेच, "जय हिंद सर!"

दुसरा किशोरचा. त्या बुधवारी दवाखान्याच्या पायरीवर फोन पडून काच फुटली होती. किशोर स्वतः येऊन फोन घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी आणून दिला. "सर, काच बदलली. एक फोटो जाऊ दिला न्हाई, एक मेसेज जाऊ दिला न्हाई." पैसे घेईना. मी फारच मागे लागलो तेव्हा म्हणाला, "बरं, पैसे नको. एक टीप द्या."

मला टीप कुठून सुचणार? अलकाच्या तीन वह्या होत्या, दोनशे पानी. प्रत्येक कंपनीला एक पान, बारीक अक्षरात. ज्या कंपनीचं काही पटत नसे, तिच्या नावापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. त्या बुधवारच्या कंपनीपुढेही ते होतं. मी वह्या चाळून लोकांना उत्तरं द्यायला लागलो. एखाद्या लबाड विद्यार्थ्यासारखा, बाकाखाली गाइड धरून.

पण वह्या तिथेच थांबलेल्या, आणि बाजारात कंपन्या रोज नव्या. एकदा अण्णांनी एका नव्या शेअरबद्दल विचारलं. वहीत नाव नव्हतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, "मला माहीत नाही."

पाच मिनिटांत सुभेदार: "सर माहीत न्हाई म्हनत्यात."

किशोर: "सरांस्नी माहीत न्हाई असं असतंय व्हय? कायतरी लय मोठी गडबड हाय."

सगळे बाहेर!

अजून सुभेदार महिन्यातून एका रविवारी बाजरीचं पीठ घेऊन येतात. "म्हशीची पेंड आनायला सांगलीला आलतो," म्हणतात. वडूजला पेंड मिळत नाही, असं मला वाटत नाही. अण्णांची बेदाण्याची पेटी येते, वर चिठ्ठी: 'सर, रोज मूठभर, दुदातनं.' किशोर माझ्या फोनवर आठवण लावून गेलाय. रोज एक वाजता फोन ओरडतो, 'सर जेवा'. मुलगी पुण्याहून म्हणते, "बाबा, हे लोक आहेत म्हणून मी तिकडे शांत झोपते."

आणि हे सगळं त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी केलेल्या गोष्टींबद्दल. त्यातलं मी काहीच केलेलं नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते. सांगितलं आणि त्या रविवारचं पीठ यायचं बंद झालं तर? आणि नाही सांगितलं, तर अलकाने एवढी एकच गोष्ट मागितली होती, तीही मी तिला दिली नाही. पुण्याच्या मुलाखतीच्या वेळीही मी असाच उभा होतो.

*

यंदाच्या मे महिन्यात मी ठरवून तासगावला गेलो. तिन्ही वह्या कापडी पिशवीत घातल्या. नुसतं तोंडाने सांगितलं तर 'सरांस्नी दुःखात असं वाटतंय' म्हणतील, म्हणून अक्षराचा पुरावा जवळ ठेवला. एसटीत मनातल्या मनात भाषण चार वेळा म्हटलं.

शेडमध्ये एका बाजूला बायका बेदाणा निवडत होत्या. दुसऱ्या बाजूला सतरंजी टाकली होती. शाल आणली होती, नारळ आणला होता. मंडळातर्फे सरांचा सत्कार! मला आधी कुणी कळवलंच नव्हतं. सुभेदार उभे राहिले. "आता सत्काराआधी सर दोन शब्द बोलतील."

मी पिशवी हातात घेऊन उभा राहिलो. म्हणालो, "मंडळी, आज मला तुम्हाला एक खरी गोष्ट सांगायची आहे. तुम्ही मला जे सर म्हणता..."

"थांबा, थांबा सर," अण्णा सदऱ्याचे खिसे चाचपत म्हणाले. "माजा फोन कुटं गेला?"

अण्णा सकाळपासून ढिगांतून फिरत होते. "बेदान्यात पडला असंल तर गेला कोल्ड स्टोरेजला!" कुणीतरी म्हणालं. सत्कार राहिला बाजूला, सगळं मंडळ क्रेट हलवायला लागलं. सुभेदारांनी माणसांच्या दोन तुकड्या पाडल्या, एक डावीकडून, एक उजवीकडून.

"आवं, एवढं कशाला? रिंग द्या की!" किशोर म्हणाला आणि स्वतःचा फोन काढला. मोबाईलच्या दुकानदाराच्या फोनची बॅटरी संपलेली! काय हशा पिकला.

माझा फोन हातातच होता. मी अण्णांचा नंबर लावला. पलीकडच्या टोकाला, बायकांच्या घोळक्यातून णमोकार मंत्राची धून ऐकू आली. एका मावशींनी क्रेटमध्ये हात घालून फोन बाहेर काढला, पदराने पुसला आणि आवाजाच्या मागोमाग मीच तिथे पोचलो होतो म्हणून वाजता फोन माझ्याच हातात दिला.

"घ्या," म्हणाल्या, "कुना वैनींचा फोन यायला लागलाय."

माझा हा नंबर, म्हणजे ग्रुपवरच्या सरांचा, सुभेदारांकडे 'सर ऑर्डर' या नावाने आहे. किशोरकडे 'गुरुजी शेअर'. दोन्ही मी पाहिलेले आहेत. अण्णांच्या फोनवर, मोठ्या अक्षरांत, 'सांगली वैनी' असं लिहून येत होतं.

मी माझ्याकडून फोन बंद केला. धून थांबली. अण्णा माझ्यासमोर येऊन उभे होते. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, पडद्यावर एकदा बघितलं, आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.

"सापडला, सापडला!" ते मोठ्याने म्हणाले. "बसा सगळे जागेवर." मग माझ्याकडे बघून, हळू आवाजात: "बोला की सर. काय सांगत होता?"

पलीकडे आक्कांनी पानं मांडायला घेतली होती. मी अण्णांकडे बघत राहिलो. ते माझ्याकडे.

"का आदी जेवून घ्यायचं?" अण्णा म्हणाले. "ऊन उतरायला लागलंय."

आम्ही जेवलो. मग सत्कार झाला. फोटो काढले. सुभेदारांनी शाल माझ्या खांद्यावर नीट बसवली आणि मला एसटीपर्यंत सोडायला आले.

वह्या पिशवीतून बाहेर निघाल्या नाहीत. जे सांगायला गेलो होतो, ते मी अजून सांगितलेलं नाही.